दोनशेवीस आणि बावीस

पडद्यावर बावीस रुपये.
वहीत दोनशेवीस.
पिएदाद चष्मा पुसते, पुन्हा बघते,
मग माझ्याकडे, जणू शेवटचं शून्य
जिन्यात मीच कुठेतरी सांडून आले.

वास्कोत पालिकेच्या मार्केटमागे, पहिल्या मजल्यावर
माझं ऑफिस. खाली सुक्या मासळीचा वास,
वर लोकांचे आयकर.
पिएदादच्या पिशवीत नवऱ्याच्या सात वह्या.
इनास कुशावती शिपिंगच्या बार्जवर तांडेल होता.
कंपनीने कामगारांना शेअर देऊ केले
तेव्हा याने चाळीस घेतले
आणि त्या दिवसापासून रोज एक ओळ:
तारीख, बंद भाव,
आणि शेजारी, का कोण जाणे, बांगडे.
१२ ऑगस्ट ९४. दोनशेवीस. दहा रुपयांना नऊ.

मी समजावते.
दहाच्या एका शेअरचे दोन-दोनचे पाच झाले,
पुढे एकाला एक बोनस. चाळीसचे चारशे.
म्हणून यंत्र मागे जातं
आणि जुना एकेक भाव दहाने भागत येतं,
नाहीतर आलेखात कडा कोसळलेला दिसेल
जिथे काहीच कोसळलं नव्हतं.

"म्हणजे इनास खोटं लिहायचा?"
नाही. त्याने मोजले ते दोनशेवीसच.
"मग हे खोटं?"
हेही नाही.
ती बांगड्यांच्या रकान्यावर बोट ठेवते.
"हांका कोणेंच भागूंक ना."
खरंय. बांगड्याला बोनस नसतो.

आलेखात रविवारही नसतो.
शुक्रवारचा ठिपका थेट सोमवारला जोडलेला,
मधली मिस्सा, मधला फुटबॉल, मधली झोप
रेघेखालून निघून गेलेली.
वहीत मात्र रविवारची ओळ आहे. कोरी.
बाजार बंद असेल त्या दिवशी त्याने लिहिलंय: फेस्त.

आणि सत्त्याण्णवमध्ये सलग चार दिवस काहीच नाही,
बाजार चालू असताना.
मी विचारते. ती हसते.
कुंभारजुव्याच्या कालव्यात बार्ज रुतली होती चिखलात,
भरती येईना, पेपर येईना,
चौघंजण पेज पिऊन बसलेले.
त्याच चार दिवसांत भाव एकोणीस रुपयांनी चढला
आणि तितकाच उतरला.
त्याला ते कधी कळलंच नाही.

खाणी थांबल्या त्या वर्षीची पानं मी भरभर उलटते.
भाव दर आठवड्याला खाली.
अक्षर तेवढंच मोठं.

आता माझं काम. कायदा म्हणतो,
एवढे जुने शेअर विकायचे तर
एकतीस जानेवारी दोन हजार अठराचा
सर्वांत वरचा भाव बघा.
खरेदी त्याहून स्वस्तात असली तर
तोच खरेदीचा धरा,
त्याआधीचा नफा माफ.
मी शोधते. एकसष्ट.
बावीसच्या जागी एकसष्ट लिहिते, आजचा एकशेअठ्ठेचाळीस,
वजाबाकी करते. बरीच सुटका झाली म्हणायची.

"कोणता वार?"
बुधवार.
"चंद्र तांबडा उगवला तो?"
तिने मला धक्क्यावर नेलं, या खुर्चीत बसूनच.
पाण्यापलीकडून वर येणारा ग्रहणातला चंद्र,
आणि इनास म्हणाला, खनिज भरून चाललाय बघ,
इतक्या वर्षांनी कोणीतरी लोड केलं.
मी वही उघडते.
एकतीस जानेवारी. एकोणसाठ. दोनशेला सोळा.
चंद्राबद्दल काही नाही.
एकसष्टही नाही. तो नेहमी बंद भाव लिहायचा,
दिवसभरात किती वर गेला होता
ते नव्हता विचारत.

मी फॉर्म पुढे सरकवते. चारशे, सगळे, इथे सही.
ती पेन उचलत नाही.
"एक दवर."
एकाने काय होणार, मी म्हणते.
"वहींत पानां उरल्यांत."

मी चारशे खोडून तीनशेनव्याण्णव लिहिते.
खाली कोणीतरी बांगड्यांचा भाव ओरडतंय,
दोनशेला... पुढचं
बसच्या हॉर्नमध्ये जातं.
पिएदाद खिडकीशी जाऊन
पुन्हा ओरडायची वाट बघत उभी राहते.